चौथा मुद्दा

विमलताई,

परवा पुण्याहून आपल्या त्या पत्रिकेच्या संपादकांचा फोन आला. साहित्याचा शिक्षणात आणि उपचारात काय उपयोग होतो, यावर वर्षातून दोनदा निघणारी निळ्या कव्हरची पत्रिका, जिच्यात तुमचा एकुलता एक लेख छापून आला. म्हणाले, "सर, ताईंवर दोन पानं लिहून द्या. गोषवारा नको, संदर्भसूची नको, मनापासून लिहा." कितीतरी वर्षं मी या पत्रिकेत लिहितोय, तिच्याकडे आलेले लेख तपासून देतोय. मनापासून लिहा, असं त्यांनी कधी कुणाला सांगितल्याचं आठवत नाही. त्यासाठी माणसाला आधी मरावं लागतं, हे मला परवा कळलं.

तुम्ही असता तर यावर पदर तोंडाला लावून हसला असता. तुम्ही जाऊन आज पंचवीस दिवस झाले. परवापासून मी कागद घेऊन बसतो आणि "त्या उपक्रमशील शिक्षिका होत्या" असं एक वाक्य लिहून खोडतो. दोन पानांत मावेल असं माझ्याकडे काही नाही. एकच गोष्ट आहे. ती तुमच्या हयातीत सांगायची होती. तीन वेळा ओठांवर आली आणि तीन वेळा मी मूग गिळून बसलो.

आपली ओळख भांडणातून झाली. डोंगरातल्या मोलगीच्या आश्रमशाळेत मला वाचनसंस्कृतीवर बोलायला बोलावलं होतं. मी आपला कॉलेजातला मराठीचा प्राध्यापक, पाऊण तास बोललो. मुलं टाळ्या वाजवून जेवायला गेली. तुम्ही तिथल्या बाई, खुर्च्या गोळा करत होता. माझ्या बोलण्यावरून गाव ओळखून सरळ अहिराणीत म्हणालात, "भाऊ, भाषण चांगलं व्हतं, पन पोरेसले काहीच समजनं नही." मी दुखावलो. घरी ज्यांची बोली पावरी किंवा भिली, त्यांच्यापुढे मी छापील मराठी ओतत होतो, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तुम्ही रनाळ्याच्या, तापीकाठच्या शेतीवाल्या घरातल्या. पण पोरांची बोली त्यांच्याकडूनच शिकलात आणि निवृत्त झाल्यावरही खाली सपाटीवर आला नाहीत. तिथेच एक खोली घेतलीत आणि दवाखान्यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या मुलांजवळ जाऊन बसू लागलात.

त्या मुलांचं दुखणं उठलं की हातपाय, पाठ, सगळं ठणकतं. सलाईन चालू असतं, गोळी दिलेली असते, आणि ती लागू पडेपर्यंतचा वेळ असतो. त्या वेळात तुम्ही गोष्ट सांगायचात. यावरून आपला वाद सुरू झाला तो शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचो, "ताई, साहित्य म्हणजे औषध नाही. गोष्टीला कामाला जुंपलं की तिची गोष्ट उरत नाही." तुम्ही म्हणायचात, "मान्य. पन मी कोठे औषध देस? मी फक्त बाजूले बसस." मग मी मोठमोठे सिद्धांत सांगायचो आणि तुम्ही पिशवीतून धडगावकडचा आमचूर काढून माझ्यापुढे ठेवायचात. त्या आमचुरावर आमच्या घरची वर्षाची डाळ निघायची, आणि वाद तसाच राहायचा.

तुमची गोष्ट सांगायची रीत आपल्या भागातलीच. ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचा. वाक्यावाक्याला "हं" आलं तर गोष्ट पुढे, नाही आलं तर सांगणाऱ्यानं थांबायचं. लहानपणी आम्हीही शेंगा फोडत बसलेल्या आजोबांना असाच हुंकारा द्यायचो. पण त्या "हं"मधून काही वाचता येतं हे आम्हाला कुणाला सुचलं नाही. ते तुम्हाला सुचलं.

माझे वडील अर्धांगवायूनं पडले तेव्हाचं आठवतं का? उजवी बाजू गेली, वाचा गेली. महिनाभर घरात कुणाला काय बोलावं कळेना. तुम्ही जीपनं, मग बसनं, दोन ठिकाणी बदलून आलात. खाटेजवळ बसून त्यांना एका लबाड कोल्ह्याची गोष्ट अहिराणीत सांगू लागलात आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबू लागलात. मला कसंतरीच झालं. शहात्तर वर्षांच्या माणसाला कोल्ह्याची गोष्ट. पाच-सात वाक्यं झाली असतील, आणि अण्णांच्या घशातून आवाज आला. "हं." स्वयंपाकघरातून बायको धावत आली. तुम्ही मान वर न करता पुढचं वाक्य सांगितलंत. त्या महिन्यात त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला आवाज होता. अण्णा त्यानंतर दोन वर्षं जगले, आणि शेवटपर्यंत आमच्याशी जे काही बोलले ते त्या "हं"वर. त्यासाठी मी तुमचे आभारसुद्धा नीट मानले नाहीत. म्हटलं असेल, "ताई, चहा घेऊन जा."

हे मी आधी लिहिलं, कारण पुढचं वाचताना ते ध्यानात राहायला हवं. माझ्या घरात पुरावा होता.

पुढच्याच वर्षी संपादकांनी मला एक लेख तपासायला पाठवला. या पत्रिकेची पद्धत तुम्हाला नंतर मीच समजावली. लेखकाचं नाव झाकून लेख दोन जाणकारांकडे जातो. ते आपलं मत लिहून देतात आणि त्यांची नावं लेखकाला कळवली जात नाहीत. पहिल्या परीक्षकानं चार ओळींत "लेख चांगला आहे, छापावा" म्हटलं होतं. दुसरा परीक्षक मी होतो.

विमलताई, दुसरा परीक्षक मी होतो. हेच ते वाक्य.

नाव झाकलेलं होतं, पण पहिल्या पानावरच मी तुम्हाला ओळखलं. डोंगरातला दवाखाना, सिकलसेलची मुलं, आणि लेखाचं नाव "हुंकारा". दुसरं कोण असणार? नियमाप्रमाणे मी तिथेच कळवायला हवं होतं की लेखक माझ्या ओळखीचे आहेत, लेख दुसऱ्याकडे द्या. कळवलं नाही. पदोन्नतीच्या अर्जात परीक्षणाचं काम दाखवता येतं, हे एक कारण. दुसरं कारण जास्त खरं आहे. तुमचा लेख वाचून मला हेवा वाटला.

बावीस पानं होती. तुम्ही हुंकाऱ्याचे सात प्रकार लिहिले होते, नावंसुद्धा मुलांनीच ठेवलेली. प्रत्येकापुढे त्या वेळी दुखणं कुठे असतं, गोष्ट कशी वळवायची, सिस्टरला केव्हा हाक मारायची, असं सगळं. अवघड शब्द एक नाही. वीस वर्षं मी साहित्य माणसाचं काय करतं यावर लिहीत होतो आणि त्यातलं एकही पान त्या बावीस पानांच्या जवळ जाणारं नव्हतं. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून मी दोन पानी अभिप्राय लिहिला, नऊ मुद्दे घालून. उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात ते बघायचं तर तो अभिप्राय बघावा. चौथा मुद्दा हुंकाऱ्याचा होता. मी लिहिलं होतं की हुंकारा हे वेदना मोजण्याचं मान्य साधन नाही, ऐकणाऱ्याच्या मौनाचा अर्थ कसा लावला याची पद्धत दिलेली नाही, हा भाग वगळून चेहऱ्यांच्या चित्रांचा प्रमाणित तक्ता वापरावा. प्रत्येक वाक्य नियमात बसणारं होतं. आजही कुणी मला त्यात चूक दाखवू शकणार नाही.

मग परीक्षकानं प्रत नष्ट करावी असा नियम आहे, तोही मी पाळला. छापून घेतलेली पानं फाडली, मेल काढून टाकला, काढून टाकलेल्या मेलांतूनही काढून टाकला. नियम पाळल्याचं बरं वाटलं.

दोन आठवड्यांनी तुम्ही कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्यापुढे उभ्या. दुपारची वेळ, नियतकालिकांच्या खोलीत आपण दोघंच. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलेले दोन कागद तुम्ही टेबलावर सरळ करून ठेवलेत. म्हणालात, "हाऊ माणूस भलता शिकेल शे, भाऊ. मन्हा लेख नीट वाचेल दिसस. पन मले त्यासनी भाषा समजत नही. जरा समजाडी सांगा."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. अजून काही बिघडलं नव्हतं. पण तुम्ही "भलता शिकेल" म्हणालात, आणि मी चष्मा पुसून पहिला मुद्दा वाचायला घेतला. स्वतःचंच लिहिणं परक्याचं असल्यासारखं तुम्हाला समजावून सांगू लागलो. "यांचं म्हणणं असं आहे, ताई." "इथे त्यांना असं सुचवायचंय." एका ठिकाणी तर "माणूस जरा कडक दिसतो" असंही म्हणालो. पहिला मुद्दा, तुम्ही "हं". दुसरा, "हं". तिसरा, "हं". मग हुंकाऱ्याचा मुद्दा आला आणि तुम्ही गप्प झालात. मला वाटलं, पटलं. मी पुढे वाचत गेलो, संदर्भ कसे द्यावेत, तक्ता कुठे घालावा, सगळं.

वाचून झाल्यावर तुम्ही कागद पुन्हा पिशवीत घातलेत. "मंग हाई हुंकारानं काढी टाकू?"

"लेख वाचवायचा असेल तर काढा."

"बरं," तुम्ही म्हणालात. आणि दारातून वळून, हसत, "मन्हं चुकनंच. हुंकारा काय कागदवर लिखानी चीज शे का?"

लेख छापून आला. आठ पानं. गोषवारा, कळीचे शब्द, एक तक्ता, चेहऱ्यांची पाच चित्रं. इतका नीटनेटका की कुणीही लिहिला असता. तुम्ही अंक घेऊन घरी आलात, माझ्या बायकोच्या हातात पेढ्यांचा पुडा दिलात आणि पहिल्या पानाखालची बारीक अक्षरातली ओळ मला बोटानं दाखवलीत. "अनामिक दुसऱ्या परीक्षकांची मी ऋणी आहे. त्यांच्यामुळे माझ्या लेखनाला शिस्त लागली." पेढा माझ्या तोंडात होता. तो गिळला आणि म्हटलं, "छान झालाय लेख."

ती एक वेळ. दुसरी वेळ मोलगीला, बाजाराच्या दिवशी, जीप भरायची वाट पाहत आपण झाडाखाली उभे होतो. मी म्हटलं, "ताई, तो तुमचा लेख..." तुम्ही लगेच म्हणालात, "त्या परीक्षकना पत्ता भेटी का हो, भाऊ? एकदाव आमचूर धाडसू म्हणस." मी म्हटलं, नावं सांगत नाहीत. जीप भरली. मी चढलो. तुम्ही हात हलवत होता आणि मी मागच्या सीटवर दोन पोत्यांच्या मध्ये बसून दुसरीकडे बघत होतो.

तिसरी वेळ नंदुरबारच्या दवाखान्यात, मागच्या महिन्यात. बोलायला तुम्हाला दम लागत होता. मी पत्रिकेचा नवा अंक घेऊन आलो होतो. म्हणालात, "वाचा भाऊ, मी हुंकारा देस." कुणाचा तरी कविता आणि नैराश्यावरचा लेख मी वाचू लागलो, आणि तुम्ही डोळे मिटून "हं" देत राहिलात. हा परिच्छेद झाला की सांगायचं, असं मी तीनदा ठरवलं. मग तुमच्या नणंदबाई चहा घेऊन आल्या, डॉक्टर आले, भेटीची वेळ संपली. पुन्हा येतो म्हटलं. पुन्हा आलो तो तुमच्या दारात लोक जमले तेव्हा.

बारावं-तेरावं झाल्यावर मी एक शहाणपण करायचं ठरवलं. तुमचा मूळ लेख, बावीस पानी, सात हुंकाऱ्यांसकट छापून घ्यायचा, आणि खाली माझ्या नावानं माझा अभिप्राय. तेवढं तरी. तुमच्या मुलीला, संगीताला विचारलं. तिनं कपाट उघडून दाखवलं. छापील अंकाच्या सहा प्रती, माझे ते दोन कागद अजून त्याच पिशवीत, आणि मूळ लेख नाही. म्हणाली, "आईनी सवय तुम्हले माहीत शे, मामा. पक्कं व्हयनं का कच्चं बंबमा." पक्कं झालं की कच्चं पाणी तापवायच्या बंबात. खरंच, वर्गातही तुमचा हाच नियम होता. पक्की वही झाली की कच्चं ठेवायचं नाही, पोरांचा गोंधळ होतो. अक्कलकुव्याच्या ज्या झेरॉक्सवाल्याकडे लेख टाइप केला होता, त्यानं त्याच फाईलवर सुधारणा केल्या होत्या. पत्रिकेकडे फक्त अंतिम प्रत राहते, आणि पहिल्या परीक्षकानं आपली प्रत केव्हाच नष्ट केली होती. बावीस पानांची या जगात आणखी एकच प्रत होती, ती माझ्याकडे, आणि ती मी नियमानुसार फाडली होती.

मग आठवणीतून लिहायला बसलो. घाटाचा हुंकारा, चढ चढताना बोलल्यासारखा मध्येच तुटणारा. तो आला की दुखणं वाढतंय, गोष्टीतल्या माणसाला झाडाखाली बसवायचं. पाहुण्याचा हुंकारा, वेळच्या वेळी येणारा, गोड, पण ऐकण्यातला नव्हे. ते मूल दुखणं लपवतंय. घाईचा हुंकारा. झोपेचा हुंकारा. चार झाले. सातातले तीन मला आठवत नाहीत. रोज आठवून पाहतो. माझा चौथा मुद्दा मात्र शब्दन् शब्द पाठ आहे.

म्हणून गेल्या आठवड्यात मोलगीला गेलो. दवाखान्यातल्या सिस्टरांना विचारलं. त्या बिचाऱ्या मनापासून म्हणाल्या, "बाई पहिले काहीतरी शिकवायच्या आम्हाला हुंकाऱ्याचं. मग लेख आला आणि म्हणाल्या, ते राहू द्या, ते शास्त्रात बसत नाही, तुम्ही तक्ताच वापरा. स्वतः मात्र तशाच बसायच्या." भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता होता. हसणाऱ्यापासून रडणाऱ्यापर्यंत पाच चेहरे. मधल्या चेहऱ्यावरचा रंग बोटं लागून उडाला होता. सिस्टर म्हणाल्या, विचारलं की बहुतेक मुलं मधलाच दाखवतात, म्हणजे कुणी जास्त विचारत नाही.

खिडकीजवळच्या खाटेवर रेशमा होती. बारा-तेरा वर्षांची, तुमच्या लेखात जिला तुम्ही "र." म्हटलं होतं तीच. हाताला सलाईन. मी तिला म्हटलं, मी बाईंचा भाऊ. म्हटलं, बाई हुंकारा कशा ऐकायच्या ते तुला माहीत आहे का? ती उशीला टेकून बसली. मग म्हणाली, "गोष्ट सांगा. मी हूं म्हणते."

मी कुठली गोष्ट सांगणार? सुचली ती सांगितली. एका म्हातारीची शेळी असते, तिला डोंगरावरचं गवत पुरत नाही, ती चढत चढत ढगापर्यंत जाते. रेशमा "हं" म्हणू लागली. मी एक वही मांडीवर ठेवली होती. तिचे हुंकारे ऐकून मी त्यात खुणा करत होतो, हा घाटाचा का, हा पाहुण्याचा का. शेळी ढगात शिरली, तिथे तिला दुसरी शेळी भेटली, दोघींचं भांडण झालं. मला गोष्ट रंगात आल्यासारखी वाटत होती. म्हातारी खाली उभी राहून हाका मारते, शेळीला ऐकू जात नाही, मग म्हातारी लांब काठी आणते.

"सर," रेशमा म्हणाली. कपाळावर घाम होता, आणि मोकळ्या हातानं तिनं खाटेचा दांडा घट्ट धरला होता. "मी केव्हाची हूं म्हणत नव्हती. तुम्ही सांगतच गेले."

मी सिस्टरांना हाक मारली. त्या आल्या, त्यांनी काय करायचं ते केलं. मी वही मिटून बाजूला ठेवली आणि तिच्याजवळ बसून राहिलो. बऱ्याच वेळानं तिची मूठ सैल झाली. मी विचारलं, "बाई थांबायच्या?"

"लगेच," ती म्हणाली. "बाई पुढचा शब्दच बोलत नव्हत्या."

विमलताई, त्या दुपारी ग्रंथालयात तुमचा हुंकारा चौथ्या मुद्द्याला बंद झाला होता. मी नवव्यापर्यंत वाचत गेलो.